मोजक्या माणसांचे इतिहासपट

करवीर नगरीत चित्रपटाचा व्यवसाय उदयास आला तो द्रव्यबळावर नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून तेथील ऐतिहासिक चित्रपटांचे स्वरूप नीटसे उलगडत नाही. मुंबईत हा धंदा वाढला तो शेटसावकारांच्या पैशावर; कोल्हापुरात मात्र नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे चित्रकार, लाकडात व हस्तिदंतात कोरीव काम करणारे मेस्त्री, तालमींतून घुमणारे मल्ल आणि संगीत नाटकांच्या नादाने घरदार सोडून आलेली पोरे, एवढ्याच सामग्रीवर एक कलासृष्टी उभी राहिली. तिला पुराणे व इतिहास हे दोनच विषय प्रथम सुचले, यात नवल नाही. नवल आहे ते असे की, शिवछत्रपतींच्या वंशजांची गादी जिथे नांदत होती त्या गावात ऐतिहासिक चित्रपट निघू लागल्यावर त्यांच्या शीर्षकांत प्रत्यक्ष छत्रपतींपेक्षा त्यांच्या भोवतीची माणसेच अधिक दिसू लागली. राजापेक्षा राजाचे रक्षण करणारा, त्याच्यासाठी गड घेणारा, खिंड अडविणारा, वेषांतर करून बातमी आणणारा मनुष्य हाच कोल्हापूरच्या पडद्यावरचा नायक झाला. माझ्या समजुतीप्रमाणे याचे पहिले कारण भक्ती नसून खर्च हे आहे, आणि तसे म्हणण्यात त्या कलावंतांचा काडीमात्र उपमर्द नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना अवघा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, त्यांचा जन्म १८९० सालचा. त्यांचे आतेभाऊ आनंदराव आणि ते स्वतः नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत, आणि त्यांच्या पडद्यांची ख्याती अशी की पडदा उघडताच पात्राआधी पडद्यालाच टाळी पडे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर या दोघा बंधूंना चलच्चित्राचे वेड लागले. पण विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुन्या बाजारातून आणलेल्या यंत्राची उघडझाक करून, त्याचे अंतरंग समजून घेऊन, घरच्या घरी कॅमेरा बनविण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला. १९१६ साली आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो उद्योग तडीस नेला, आणि तानीबाई कागलकर या गायिकेने पुरविलेल्या भांडवलावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमागृहात लागला. कीचकाच्या भूमिकेतील झुंझारराव पवार आणि भीमाच्या भूमिकेतील बाळासाहेब यादव हे दोघेही आडदांड, कसलेल्या शरीराचे गडी होते, आणि प्रेक्षकांनी जे पाहिले ते रंगविलेले शौर्य नव्हते. तांबड्या मातीत घोळलेले खरेखुरे बळ होते. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटाच्या निमित्ताने.

पडदे रंगविण्यात ज्याने नाव काढले त्यानेच चित्रपटात पडदे टाकून दिले, ही बाबूरावांची करामत सहसा नीट सांगितली जात नाही. फाळक्यांच्या काळी राजवाड्याच्या जागी राजवाड्याचा पडदा टांगीत. बाबूरावांनी लाकडी सांगाडे उभारून, त्यांवर कापड ताणून, रंग व लुकण यांच्या साह्याने चार बाजूंनी फिरता येईल असे महाल व बुरूज रचले. अशा बुरुजाला कॅमेऱ्याच्या बाजूने दगडांचे सांधे, शेवाळ, ऊनपावसाने धुपलेल्या कडा, सारे काही असावे. आणि मागच्या बाजूला वळून पाहिले तर चिवे, सुतळी आणि टेकू. ज्या दिशेला दृष्टी जाणार नाही त्या दिशेला कवडी खर्चायची नाही, हा त्या कलेचा दंडक होता. पात्रांच्या वेषांची रेखाटने बाबूराव स्वतः काढीत. म्हणजे मंदिल कोणत्या बाजूला कलावा, बाराबंदीच्या गाठी कुठे पडाव्या, ढाल पाठीवर कोणत्या उंचीला असावी, हे कपडेपटावर न सोपविता चित्रकाराच्या बोटांनी आधी ठरलेले असे. इतिहासाच्या वातावरणाचा जो विश्वास त्या मूकपटांतून उत्पन्न होई, त्याचे मूळ पैशात नसून या डोळसपणात होते.

‘सिंहगड’ १९२३ साली आला. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो बेतलेला होता आणि त्यातील शिवाजी महाराजांची भूमिका बाबूरावांनी स्वतः केली होती. पण चित्रपट तानाजीचा. शेलारमामांच्या भूमिकेत जो तरुण होता तो पुढे व्ही. शांताराम म्हणून विख्यात झाला. तोवर चित्रण होई ते सूर्याच्या उजेडात, पांढऱ्या चादरी व आरसे यांनी ऊन परतवून. रात्रीचा प्रसंगही दिवसाच घेऊन त्याला निळसर रंग देण्याची चाल होती. तानाजीची चढाई रात्रीची, तेव्हा ती रात्रीच घ्यावयाची असा बाबूरावांनी हट्ट धरला आणि आपल्याकडे कृत्रिम प्रकाशात चित्रण करण्याचा पायंडा या चित्रपटाने पाडला. या कामी अंधाराचाही मोठा उपयोग झाला असला पाहिजे. दिव्याच्या कक्षेत पाच मावळे दोराला लोंबकळताना दिसले की पलीकडच्या काळोखात आणखी तीनशे आहेत असे प्रेक्षक आपणहून धरून चालतो, आणि त्या तीनशेंना रोजंदारी द्यावी लागत नाही! मुंबईत या चित्रपटाला लोटलेली गर्दी सरकारी अंमलदारांच्या नजरेत भरली आणि त्यातूनच करमणूक कराची कल्पना निघाली, असे जुने लोक सांगत आले आहेत.

आता शीर्षकांकडे पाहावे. १९२७ साली शांतारामबापूंनी प्रथमच दिग्दर्शन केले ते ‘नेताजी पालकर’चे. १९२९ साली महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘बाजीप्रभू देशपांडे’ काढला. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी १९३९ मध्ये पुन्हा ‘नेताजी पालकर’, १९४१ मध्ये ‘थोरातांची कमळा’, १९४३ मध्ये ‘बहिर्जी नाईक’ आणि १९५६ मध्ये ‘पावनखिंड’ केला. यांत महाराज आहेतच, किंबहुना त्यांच्यावाचून कथेला प्राणच नाही. पण ते येतात, मसलत करतात, पाठीवर हात ठेवतात आणि दृष्टिआड होतात. मग कॅमेरा उरतो तो सरदाराच्या, हेराच्या वा अंगरक्षकाच्या सोबत. चाळीस हजारांची आदिलशाही फौज दाखविण्याची ज्याची ताकद नाही त्याने खिंड निवडावी, हे शहाणपणच होय. खिंडीत एका वेळी चारच माणसे समोर येऊ शकतात, आणि चार माणसे कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीत मिळतात. पट्टा, बोथाटी, फरीगदका यांचा मर्दानी खेळ या गावात पेठापेठांतून जिवंत होता. तेव्हा शस्त्र हातात धरण्यापासून शिकवावे लागेल असा प्रश्नच नव्हता.

दुसरे कारण सरकारचे. १९१८च्या कायद्याने परिनिरीक्षण सुरू झाले होते, आणि कोल्हापूर हे संस्थान असले तरी चित्रपटाचा पैसा वसूल व्हायचा तो मुंबई-पुण्याच्या इंग्रजी मुलुखात. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी तिने शिवचरित्रावर चित्रपट काढला, त्यात महाराजांची भूमिका स्वतः शांतारामबापूंची होती. ‘स्वराज्याचे तोरण’ हे त्याचे मूळ नाव. मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. ‘स्वराज्य’ हा शब्द भिंतीभिंतींवरच्या जाहिरातींत मिरवावा हे सरकारला रुचणे शक्यच नव्हते, आणि अखेर चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने बाहेर पडला. राजाने राज्य स्थापन करणे ही गोष्ट अशी संशयास्पद ठरली. धन्यासाठी सेवकाने प्राण देणे ही मात्र कोणत्याही सरकारला आक्षेपार्ह वाटत नाही. प्रेक्षक त्यातून जे घ्यायचे ते घेतच होता.

परंतु हे सारे जुळून आले त्याला तिसरे एक कारण भूमीचे आहे. ज्या घटनेत राजाचा जीव अक्षरशः मूठभर माणसांच्या हाती होता ती घटना कोल्हापूरच्या वायव्येस, गावातून दिसणाऱ्या डोंगरावर, म्हणजे पन्हाळ्यावर, आरंभली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. त्या भेटीला महाराजांबरोबर दहा निवडक अंगरक्षक होते, त्यांत संभाजी कावजी होता, येसाजी कंक होता, सिद्दी इब्राहीमही होता. आणि खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा याचा वार ज्याने वरचेवर उडविला त्या जिवा महालाचे नाव तर म्हणीत जाऊन बसले. त्या महिन्याच्या अखेरीस पन्हाळा स्वराज्यात आला. आदिलशहाने कर्नूलच्या सिद्दी जौहरला सलाबतखान असा किताब देऊन मोठ्या सैन्यासह रवाना केले आणि १६६०च्या मार्चपासून पन्हाळ्याला वेढा पडला. इकडे मोगलांचा शाइस्तेखान पुण्यात येऊन बसलेला, तिकडे वेढा फोडण्यासाठी नेताजींनी केलेला यत्न विफल झालेला. पावसाळा लागला की वेढा सैल पडेल हा अदमासही जौहरने खोटा ठरविला. भर पावसात छपऱ्या घालून त्याचे लोक मोर्चे धरून राहिले.

मग १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, शरणागतीच्या बोलण्याने वेढेकऱ्यांना गाफील ठेवून महाराज गडाबाहेर पडले. सोबत सुमारे सहाशे मावळे होते असे परंपरा सांगते. पुढचा रस्ता म्हणजे म्हसाई पठार, दाट रान, चिखल, ओढे, आणि साठेक किलोमीटरांवर विशाळगड. दोन पालख्या निघाल्या. एका पालखीत पन्हाळ्याखालच्या नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेष घालून बसला होता. व्यवसायाने तो नाभिक असे परंपरा सांगते, आणि चेहऱ्याने महाराजांशी मिळताजुळता. ती पालखी पकडली गेली, जौहरच्या छावणीत नेली गेली, आणि तेथे सोंग उघडकीस आल्यावर शिवाने प्राण दिले. त्याने मिळवून दिलेल्या वेळावर पुढचे सारे अवलंबून होते. अंगरक्षक म्हणजे ढाल घेऊन उभा राहणारा, ही आपली कल्पना. येथे तर एक मनुष्य स्वतःचा चेहराच ढाल म्हणून पुढे करतो.

घोडखिंडीत, म्हणजे पुढच्या पावनखिंडीत, सिद्दी मसूदचे स्वार पाठीशी आले. तेव्हा बाजीप्रभू देशपांडे अर्धे लोक घेऊन मागे थांबले आणि महाराज उरलेल्यांसह विशाळगडाकडे निघाले, जिथे सुर्वे व दळवी या आदिलशाही पक्षाच्या सरदारांनी आधीच वेढा दिलेला होता आणि तो कापूनच वर जाणे भाग होते. गडावर पोहोचल्याच्या तोफा होईतो खिंड लढत राहिली. आज तेथे उतरून गेल्यास दोन्ही अंगांनी काळा कातळ, मधून खळाळणारा ओढा आणि पावसाळ्यात पाय ठरू नये असे गुळगुळीत धोंडे दिसतात. घोडेस्वाराला येथे घोडा हा उपयोगाऐवजी अडचणच व्हावी, आणि पाठीमागून कितीही कुमक आली तरी ती पुढच्यांच्या पाठीला पाठ लावून नुसती उभी राहावी. सेनापतीच्या नजरेने पाहिले तर ही जागा उत्तम आहे. चित्रपटाच्या व्यवस्थापकाच्या नजरेने पाहिले तरी उत्तमच आहे, हे मी मघाशी म्हटले तेच.

भालजींनी या प्रसंगावर ‘पावनखिंड’ केला तेव्हा त्यांच्या गाठीशी पाऊणशे संकटे होती. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८च्या प्रारंभी उसळलेल्या दंगलीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला आणि ‘मीठ भाकर’सारखा तयार चित्रपटही त्या आगीत गेला, तो त्यांनी पुन्हा पहिल्यापासून चित्रित करून १९४९ साली प्रदर्शित केला. १९५२चा ‘छत्रपती शिवाजी’ हा त्यांचा मोठ्या पटावरचा प्रयत्न. चंद्रकांत मांडरे महाराज झाले आणि मिर्झाराजांच्या भूमिकेसाठी पृथ्वीराज कपूर आले. या चित्रपटात चंद्रकांतांनी महाराजांची जी मुद्रा उभी केली ती मराठी माणसाच्या मनात कायमची ठसली. तथापि भालजींचा खरा पिंड व्यक्त होतो तो लहान चौकटीत, जेथे एक मावळा आपल्या बायकोचा निरोप घेतो, भाकरीचा तुकडा धोतराच्या सोग्यात बांधतो, आणि राजाचे नाव न घेता निघतो. संवादांत ते कधी कधी फार बोलके होतात. बाजीप्रभूंसारख्या पुरुषाला मरताना इतके बोलायला श्वास कुठून पुरतो, हा प्रश्न पडतोच. पण हात, पाऊल, घोंगडी, घाम या गोष्टी त्यांना जशा दिसत तशा फारच थोड्यांना दिसल्या. पुढे कर्जापायी स्टुडिओ त्यांच्या हातून गेला आणि तो लता मंगेशकरांनी घेतला. दादासाहेब फाळके पुरस्काराने भालजींचा गौरव झाला तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते.

परदेशातही या वाटेने जाणारे भेटतात. अमेरिकेत २०१३ साली ‘सेव्हिंग लिंकन’ नावाचा एक अल्प खर्चाचा चित्रपट निघाला, काही पैसा लोकवर्गणीतून उभारलेला. यादवी युद्धाच्या काळातील अध्यक्ष अब्राहम लिंकन आणि त्यांचा वकील मित्र व स्वयंघोषित अंगरक्षक वॉर्ड हिल लॅमन यांची ती कथा. वॉशिंग्टनच्या इमारती बांधायला पैसे नाहीत म्हणून त्या मंडळींनी त्या युद्धातली खरी छायाचित्रे घेतली आणि नटांना त्यांच्या पुढे उभे केले. म्हणजे बाबूरावांनी टाकून दिलेला पडदा यांनी नव्या यंत्रविद्येने परत टांगला. लॅमनची शोकांतिका मात्र बाजीप्रभूंच्या अगदी उलट आहे. बाजी योग्य क्षणी योग्य जागी उभे होते. लिंकनवर नाट्यगृहात गोळी झाडली गेली त्या १४ एप्रिल १८६५च्या रात्री लॅमन तेथे नव्हता, कारण लिंकननेच त्याला कामगिरीवर रिचमंडला धाडले होते; जाताना त्याने अध्यक्षांना नाटकाला न जाण्याविषयी विनविले होते, आणि नाट्यगृहात नेमलेला पोलीस जॉन पार्कर आपली जागा सोडून गेला होता. राजाचे दैव एका माणसाच्या हजर असण्यावर कसे अडून राहते, याचा हा दुसऱ्या अंगाने आलेला पुरावा आहे.

आमच्या चित्रपटांवर एक तक्रार मात्र नोंदविली पाहिजे. राजाभोवतीची माणसे त्यांनी उजेडात आणली खरी, पण त्या माणसांभोवतीची माणसे अंधारातच राहिली. घोडखिंडीत लढले ते हिरडस मावळातील बांदल देशमुखांचे लोक. बाजीप्रभू हे त्या वतनाचे देशपांडे, आणि त्यांचे बंधू फुलाजी हेही तेथेच पडले. बांदलांच्या त्या सैन्याला कथेत नाव नाही, गर्दी म्हणूनच ते येते, कारण नाव दिले की तोंड द्यावे लागते, तोंड दिले की नट घ्यावा लागतो. राजापूरच्या इंग्रजांचीही तीच गत. वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन आणि आपले निशाण फडकावीत पन्हाळ्याच्या वेढ्यात जौहरच्या मदतीला आला होता, आणि त्याची किंमत महाराजांनी पुढल्याच वर्षी राजापूर लुटून व त्याला साथीदारांसह कैदेत टाकून वसूल केली. कंपनी सरकारचा हा पहिला पदर इंग्रजी अमलात पडद्यावर दाखविणे अवघड होते हे समजू शकते. पण ते सरकार गेल्यावरही तो फारसा कुणाला आठवला नाही. गोऱ्या पात्रांना लागणाऱ्या टोप्या आणि कोट कपडेपटात नव्हते, एवढेच कारण असेल तर ते मला पटते!

शिवा काशीदलाही पडदा फार उशिरा लाभला. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा दोन्ही हातांत तरवारी घेतलेला पुतळा भव्य आहे, शिवाचेही स्मारक आता आहे. पण जुन्या चित्रपटांत शिवाची पालखी दोन मिनिटांत निघून जाते. वास्तविक त्याची कथा म्हणजे या साऱ्या प्रकारात सर्वांत स्वस्त चित्रपट. एक पालखी, एक छावणीचा तंबू, एक रात्र, आणि जौहरपुढे बसलेला एक माणूस, ज्याला ठाऊक आहे की पहाटेपर्यंत जितका वेळ आपण राजा म्हणून बसू शकू तितके कोस खरा राजा पुढे जाईल. येथे लढाईही नाही. भालजींसारख्या लेखकाने हे का केले नाही, याचा उलगडा मला होत नाही.

पन्हाळा मात्र त्या वेळी वाचला नाही. महाराज सुटले तरी सप्टेंबरात गड तहाने आदिलशहाकडे गेला आणि साडेबारा वर्षे तिकडेच राहिला. अखेर मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने रात्रीच्या काळोखात कड्यावरून चढून तो परत घेतला. महाराजांनी त्याला लोक किती हवेत असे विचारले तेव्हा त्याने साठच मागितले, असे सांगतात. आणि साठ माणसांची रोजंदारी, दिवे आणि दोर धरूनही, महाराष्ट्र फिल्म कंपनीला परवडण्याजोगी होती.